गाव बदललं की केसपेपर नवा : ऊसतोड, माग आणि आखात

औषधाची_पेटी (धागाकर्ती)
१८ जानेवारी, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. लिहीन लिहीन म्हणत होते, आज दुकान बंद करून आल्यावर जेवणं उरकली आणि बसलेच. माझं मेडिकल कोल्हापूरच्या शिरोळ तालुक्यात साखर कारखान्याच्या रस्त्यावर आहे, चौदा वर्षं झाली. दिवाळीनंतर गळीत सुरू झालं की आमच्या रस्त्याचं रूपच बदलतं, ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, बैलगाड्या, माळावर कोप्या (तोडणाऱ्यांच्या झोपड्या), आणि संध्याकाळी सात-साडेसातनंतर माझ्या काउंटरवर बीड, धाराशिव, जतकडची माणसं. मागणी एकच, "ताई, ठणक्याची गोळी द्या." गोळीचं नाव कुणी सांगत नाही, रंग सांगतात. पहाटे चारला फडात उभं राहायचं आणि दिवसभर मोळ्या वाहायच्या म्हटल्यावर अंग ठणकणारच की.

मागच्या गुरुवारी एक पोरगी आली, असेल वीस-एकवीसची, सातवा महिना, बरोबर सासू. डोकं लई दुखतंय, डोळ्यापुढं अंधारी येतीय, एक गोळी द्या म्हणजे सकाळी कामावर जाईल. पाय बघितले तर सुजून जोडवी रुतलेली. मी दुकानात बीपीचं मशीन ठेवते, पट्टा बांधला तर १६०/११०. दोनदा बघितलं, तेवढंच. मी म्हटलं मावशी ह्याला गोळी नाही, हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचं. सासूनं पदराखालून कॅरीबॅग काढली, आत रेशनकार्ड आणि त्याच्या घडीत माता-बाल कार्ड, बीड जिल्ह्यातलं. शेवटची नोंद ऑक्टोबरची. त्यानंतरचे तीन महिने कोरे. १०८ ला फोन केला, गाडी आली, पोरगी ॲडमिट झाली आणि आता बरी आहे, बाळाचे ठोकेही नीट आहेत. पण तिथं पोचल्यावर पहिला प्रश्न काय, तर आधीचे रिपोर्ट कुठायत. ते गावाकडच्या उपकेंद्रात. मग नवा केसपेपर, नवीन रक्त, सगळं पहिल्यापासून. आणि इकडं मुकादम (टोळी आणणारा ठेकेदार) माझ्या दुकानासमोर उभा, त्याचा हिशोब वेगळाच, कोयता (तोडणारी जोडी) बसून राहिला.

तेव्हापासून एकच डोक्यात आहे. आजार माणसाबरोबर गाव सोडून येतो, मग उपचाराची नोंद का येत नाही? योजना नाहीत असं अजिबात नाही. महात्मा फुले योजना आहे, ५ लाखांचं आयुष्मान कार्ड २०१८ पासून आहे आणि ते देशात कुठल्याही अंगीकृत दवाखान्यात चालतं. पण ते ॲडमिट झाल्यावर. बीपी बघणं, रक्त तपासणं, लोहाच्या गोळ्या, ताप-खोकला, ज्याच्यामुळं पुढचं ॲडमिट व्हायचं टळतं ते त्यात नाही. त्याच्यासाठी आरोग्य केंद्र, आणि ओपीडी चालते ती दिवसा, म्हणजे ही माणसं फडात असतात तेव्हा.

हे फक्त आपल्याकडचंच आहे असंही नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते जगात दर आठ माणसांतला एकजण स्थलांतरित. स्थलांतरितांच्या आरोग्याचा ठराव त्यांनी २००८ लाच केला, २०१९ ला कृती आराखडा आला आणि तो आता २०३० पर्यंत वाढवलाय. कागद चांगलाच आहे, मी वाचला. तो कोपीपर्यंत कसा न्यायचा हा माझा प्रश्न आहे.

अजून एक गोष्ट मला झोपू देत नाही. निकाराग्वात चिचिगाल्पा म्हणून उसाचा भाग आहे, तिथं तरणीताठी तोडणारी माणसं किडनी जाऊन मेली, ना शुगर ना बीपी. एका वस्तीला लोक विधवांचं बेट म्हणायला लागले. कारणांवर अजून वाद आहे पण उन्हातलं राबणं आणि अंगातलं पाणी जाणं हे मुख्य धरतात. तिथल्या कारखान्यात फडातच पाणी, सावली आणि ठरलेली विश्रांती सुरू केली तेव्हा किडनीवरचा मार कमी झालेला दिसला. आणि मी रोज रात्री काय विकते, तर ठणक्याची गोळी! अंगात पाणी कमी असताना ही गोळी रोज खाल्ली की किडनीवरच जाते, हे मला डी.फार्मला शिकवलंय. मी आता चार गोळ्यांच्या वर देत नाही आणि बरोबर ओआरएसची पुडी देते, पण एका दुकानानं काय होणार.

तुमचे अनुभव लिहा. बाहेरगावचे, बाहेरदेशचे, सगळे. इथं काय करता येईल ते पण लिहा.

---

रंकाळा_सांजवेळ
१९ जानेवारी, सकाळी ७:४५

ताई कळकळ पोचली, पण एक रोखठोक विचारतो, राग मानू नका. सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्याला) आधीच आपला जिल्हा, कोकणातली माणसं, सीमाभागातली माणसं, सगळा भार. माझ्या आईला गेल्या वर्षी बेडसाठी एका दवाखान्यात स्ट्रेचरवर रात्र काढायला लागली. आहे त्याच डॉक्टरांवर अजून माणसं घातली तर आपल्यांचं काय? हे मनापासून विचारतोय, मलाही ती पोरगी वाचली ह्याचं बरं वाटलं.

---

कोयत्याचं_पोरगं
१९ जानेवारी, दुपारी १:२०

मी बीड जिल्ह्यातला, आता शिवाजी विद्यापीठात एमएला आहे. माझे आईवडील तेवीस वर्षं कोल्हापूर-सांगली भागात तोडीला येतात, माझा जन्मच कागल भागात कोपीत झालाय. माझ्या शाळेच्या दाखल्यावर जन्मगाव वेगळं लिहिलंय.

वर रंकाळा दादांनी आपले आणि बाहेरचे लिहिलं. दादा, आईच्या स्ट्रेचरचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण माझी आई वर्षातले सहा महिने तुमच्या जिल्ह्यात असते आणि सहा महिने बीडात, तर ती नक्की कुणाची धरायची? गावाकडची आशाताई यादीत लिहिते 'स्थलांतरित', आणि इथल्या यादीत तर ती नसतेच.

मूळ सांगतो. तोडीत नवराबायको मिळून एक कोयता. उचल (आगाऊ घेतलेले पैसे) दोघांच्या नावावर. एक दिवस खाडा पडला तर पैसे कापतात. फडात संडास नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढायचं. अंगावरून जायला लागलं, पोट दुखायला लागलं की बायका अंगावर काढतात, मग गावाकडं गेल्यावर कुणीतरी डॉक्टर सांगतो गर्भाची पिशवी काढून टाका, कॅन्सर होईल. माझ्या आईची पिशवी काढली तेव्हा ती एकतीसची होती. सोनोग्राफीचा कागदसुद्धा दिला नाही. ऑपरेशनचे पैसे मुकादमाकडून घेतले आणि ते फेडायला पुढची दोन वर्षं जास्तीची तोड. २०१९ ला सरकारनं नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हाच्या पाहणीत बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. हा आकडा मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा त्यातली एक माझी आई आहे हेच डोक्यात येतं. आता तिला चाळिशीतच कंबर, गुडघे, घाम, झोप नाही, आणि तरी ती ह्या हंगामात हातकणंगल्याकडं तोडीला आहे.

तिला इथं कारखान्याच्या माळावर महिन्यातून एकदा एक बाई डॉक्टर भेटली असती आणि तिनं सांगितलं असतं की बाई हे इन्फेक्शन आहे, गोळ्यांनी बरं होतं, तर? बाकी काही नको होतं.

---

उपकेंद्र_३१वर्षे
१९ जानेवारी, दुपारी ४:०५

बाळा, तुझं वाचून डोळे भरले. मी एएनएम (उपकेंद्राची नर्स) होते, ३१ वर्षं नोकरी, आता निवृत्त. आमच्या काळातलं खरं सांगते. टोळ्या आल्या की आम्ही लसीकरणाला जायचो, पण दिवसा अकराला. कोपीत फक्त आठ-नऊ वर्षांच्या पोरी, कडेवर धाकटं भावंडं. लस द्यायची तर आई पाहिजे, ताप आला तर बघणार कोण म्हणून. पोरीला विचारायचं बाळाला आधी डोस दिलाय का, तिला काय माहीत. मग मी माझ्या मनानंच एक वर्ष संध्याकाळी सातला जायला सुरुवात केली, नवऱ्याच्या एम८० वर मागं व्हॅक्सिन कॅरियर घेऊन. त्या वर्षी माझ्या हद्दीतल्या कोप्यातलं एकही पोरगं सुटलं नाही. पण अहवालात वेळेचा रकानाच नव्हता, त्यामुळं पुढच्या वर्षी माझी बदली झाल्यावर ते बंद पडलं. कुणाला दोष देत नाही, कुणाच्या लक्षातच आलं नाही.

रंकाळा भाऊ, तुमच्या प्रश्नाला उत्तर देते. बीपीची गोळी वेळेत दिली तर ती काही रुपयांची. नाही दिली आणि झटके आले तर आयसीयूचा बेड, आठ-दहा दिवस, शिवाय बाळ काचेत. म्हणजे तुमच्या आईला न मिळालेला बेड तिथं जातोय. माळावर जाऊन तपासलं तर बेड मोकळे होतात ओ, भरत नाहीत.

---

यंत्रमाग_गल्ली
१९ जानेवारी, रात्री १०:३०

इचलकरंजीतनं लिहितोय. माझे स्वतःचे सोळा माग आहेत, म्हणजे मी मालक लोकांतला, तेव्हा माझं पण ऐका. आमच्याकडं बिहार, यूपी, ओडिशाची पोरं. एका खोलीत आठ-दहा जण, दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच अंथरुणावर. कापसाची धूळ, खोकला हा आमच्या गल्लीचा आवाजच आहे मागाच्या आवाजाबरोबर. ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) लागतो दहा माणसांच्या पुढं आणि निम्म्या शेडमध्ये पाच-सहाच माणसं, त्यामुळं कागदोपत्री ह्यांना काहीच नाही.

माझ्याकडं एक पोरगा होता, दरभंग्याकडचा. तीन महिने खोकला, वजन उतरलं, मी म्हणायचो सिगारेट कमी कर. शेवटी जॉबरनं (मागावरच्या मुकादमानं) धरून नेला तर टीबी निघाला. गोळ्या सुरू झाल्या, दोन महिन्यांत चेहऱ्यावर तेज आलं, आणि छटपूजेला गावाला गेला तो गेलाच. मला वाटलं आता हा गोळ्या सोडणार, परत येणार तो बिघडूनच. पण इथं एक गोष्ट चांगली घडली, टीबीवाल्यांचं निक्षय म्हणून ऑनलाईन आहे, त्याचा नंबर तिकडच्या केंद्रात चालला, तिथनं गोळ्या मिळाल्या, पोषणाचे महिना १००० रुपये पण खात्यावर आले. सहा महिन्यांचा कोर्स पुरा करून पोरगा परत मागावर उभाय. म्हणजे ताई तुम्ही म्हणता ते एका आजाराला जमलंय. माणूस फिरला तर नोंद फिरते. मग बाळंतपणाला, बीपीला, शुगरला का जमू नये? फक्त एक अडचण, सगळं मोबाईल नंबरवर असतं आणि ह्या पोरांचं सिम सहा महिन्यानं बदलतं. कित्येकांचा नंबर म्हणून ठेकेदाराचाच नंबर लागलेला असतो.

खोल्यांबद्दल मलाच लाज वाटते म्हणून लिहितो. सिंगापूर एवढं श्रीमंत, तिथं २०२० ला कामगारांच्या वसतिगृहात कोरोना असा पसरला की वर्षअखेर तिथल्या जवळजवळ निम्म्या कामगारांना होऊन गेलेला निघाला. कारण तेच, एका खोलीत दाटीवाटी. आमच्याकडं मे महिन्यात कोल्हापूरहून श्रमिक रेल्वे सुटायच्या तेव्हा माझी पोरं तपासणीच्या दाखल्यासाठी उन्हात रांगेत होती, त्यातल्या एकानं मला सांगितलं शेठ, डॉक्टरनं मला पहिल्यांदाच तपासलं. सात वर्षं माझ्याकडं होता तो. त्यानंतर मी दोन खोल्या वाढवल्या आणि खिडक्या पाडून घेतल्या, अजून खूप करायचंय.

---

कुवेत_ते_गडहिंग्लज
२० जानेवारी, सकाळी ६:५०

अकरा वर्षं कुवेतला होतो, वेल्डर. जायच्या आधी मुंबईत मेडिकल, एक्सरे, रक्त, सगळं आपल्या पैशानं. आमच्या गावच्या एकाचा लहानपणीचा बरा झालेला टीबी, छातीवर डाग दिसला, अनफिट. कर्ज काढून एजंटाला दिलेले पैसे अडकले. तिथं उतरल्यावर परत मेडिकल. त्यामुळं काय होतं, माणूस आजार लपवतो. खोकला आला तरी डॉक्टरकडं जात नाही कारण भीती, तिथं राहायचं कार्ड जाईल. इलाज महाग म्हणून नव्हे, परत पाठवतील म्हणून.

ऊन तर विचारू नका. जून ते ऑगस्ट सकाळी ११ ते ४ उघड्यावर काम बंद असा नियम आहे आणि तो बऱ्यापैकी पाळतात, पण पहाटेलाच घाम निथळायचा.

मला खटकतं ते हे, जाताना मला चारदा तपासलं, येताना एकदा पण नाही. अकरा वर्षांचा धूर छातीत घेऊन आलो, गडहिंग्लजला उतरलो, कुणी विचारलं नाही. श्रीलंकेनं २०१३ ला ह्याच्यावर धोरण केलंय, त्यात जाणारे, येणारे आणि मागं राहिलेलं कुटुंब तिन्ही धरलेत. ते वाचून मला बायकोची आठवण आली, ती इथं एकटी अकरा वर्षं सगळं बघत होती, तिची शुगर कधी वाढली मला फोनवर कधी बोललीच नाही.

आणि ज्यांची पोरं दहावी नापास आहेत आणि आखाताला निघालीत त्यांनी प्रवासी भारतीय बीमा काढलाय का बघा, दोन वर्षांना २७५ रुपये, अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख. एजंट पावती देत नाही, मागून घ्या. वारसाचं नाव बरोबर आहे का ते पण बघा.

---

बावडा_ते_लीड्स
२० जानेवारी, दुपारी ३:१५

कसबा बावड्याची, सध्या इंग्लंडमध्ये नर्स. इथं व्हिसा काढताना सरचार्ज भरायला लागतो, मोठ्या माणसाला वर्षाला १०३५ पौंड, आम्हा आरोग्य सेवेच्या व्हिसावाल्यांना माफ आहे. इथल्या दोन गोष्टी सांगण्यासारख्या. टीबीचा उपचार सगळ्यांना फुकट, व्हिसा असो नसो. आणि नियमानं जीपीकडं (भागातल्या नेहमीच्या डॉक्टरकडं) नाव घालायला पत्त्याचा पुरावा लागत नाही. नियम असूनही काउंटरवरची माणसं कागद मागतात आणि लोक परत जातात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. एक काळ असा होता की दवाखान्यातले पत्ते व्हिसा खात्याला जायचे, २०१८ ला ते आवरलं पण भीती अजून गेलेली नाही. माझ्या वॉर्डात एक बाई सहा महिन्यांची गरोदर होऊन पहिल्यांदा आली होती, बिल येईल आणि पोलीस येतील म्हणून.

आपल्याकडं काय करता येईल म्हणाल तर भाषा. इथं फोनवर दुभाष्या मिळतो, मी मराठीसाठी स्वतः दोनदा बसलेय. इचलकरंजीत ओडिया बोलणारा एक माणूस ओपीडीत ठेवला तर किती फरक पडेल. थायलंडमध्ये ब्रह्मदेशातनं आलेल्यांमधलेच लोक शिकवून आरोग्य स्वयंसेवक केलेत, आणि २०१३ पासून लहान पोरांचा विमा दिवसाला एक बात, वर्षाला ३६५. आईबापाकडं कागद नसला तरी पोराला मिळतो. सगळीकडं नीट चालतं असं नाही, कितीक दवाखाने कार्ड विकायलाच कुरकुर करतात, पण दार तरी उघडं आहे. केरळनं पण २०१७ ला परप्रांतीय मजुरांना 'आवाज' नावाचा विमा काढला आणि एर्नाकुलमकडं फिरता दवाखाना वस्तीवर जातो.

---

रंकाळा_सांजवेळ
२० जानेवारी, रात्री ९:००

उपकेंद्र ताई, बेडचं गणित पटलं. कोयत्याचं पोरगं, भावा, माफ कर, आपले-बाहेरचे असं लिहायला नको होतं. माझी छापखान्याची ओळख आहे, कार्ड वगैरे काही छापायचं असेल तर माझ्याकडं लागलं.

---

औषधाची_पेटी
२१ जानेवारी, रात्री ११:४०

सगळ्यांचे आभार. रंकाळा दादा, तुमचा शब्द लगेच पकडते.

परवा मी गटसचिव आणि दोन मुकादमांशी बोलले. कायद्याचं पण बघितलं, १९७९ च्या आंतरराज्य कामगार कायद्यात ठेकेदारानं मजुराला औषधपाणी फुकट द्यायचं असं होतं, आता तो २०२० च्या कामगार संहितेत गेलाय. पण बीडहून कोल्हापूरला आलेला माणूस राज्यातलाच, त्याला तो कधी लागलाच नाही. हाच माणूस नदी ओलांडून कर्नाटकात चिकोडीकडच्या कारखान्याला गेला की आंतरराज्य! मग आपल्याकडं राहतं ते ऊसतोड कामगारांचं गोपीनाथ मुंडे महामंडळ, त्यासाठी कारखान्यानं टनामागं १० रुपये आणि सरकारनं तेवढेच असं ठरलंय. एवढ्या टनांचं गाळप होतंय, त्यातनं फडावर संध्याकाळचा दवाखाना व्हायलाच पाहिजे, तसा अर्ज कोयत्याच्या पोरानं लिहून दिलाय, सोमवारी देतोय.

पण अर्जावर बसून राहायचं नाही म्हणून काल रात्री उपकेंद्र ताई आणि मी माळावर गेलो. साडेसातला सतरंजी टाकली. पहिल्यांदा कुणीच येईना, लांबून बघत होते. मग त्या ॲडमिट पोरीची सासू पुढं आली, बसली, हात पुढं केला, म्हणाली माझं बघा आधी. तिचंच बीपी सूनेएवढं. तिला माहीतच नव्हतं. त्यानंतर सव्वानऊपर्यंत रांग होती, ताईंनी एकेकीला बाजूला घेऊन पाळीचं, अंगावरून जाण्याचं विचारलं, दोघींना डॉक्टर मॅडमकडं पाठवायचं ठरलं. मुकादम पण शेवटी हात पुढं करून बसला.

आता कार्ड. हंगाम संपून टोळी मार्च-एप्रिलमध्ये परत निघते तेव्हा प्रत्येकाच्या हातात हे पाहिजे. जाड कागद, रेशनकार्डाच्या घडीत मावेल एवढंच. वर नाव, वय, गावचं उपकेंद्र आणि तिथल्या आशाताईंचा नंबर, मुकादमाचा नाही. खाली बीपी, हिमोग्लोबिन, चालू गोळ्या, बाळाच्या लसी, गरोदर असेल तर तारीख. मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात पाण्याचं आणि ठणक्याच्या गोळीचं. यंत्रमाग दादा, तुमच्यासाठी हेच हिंदी आणि ओडियात करू, मजकूर तुमच्या पोरांकडनं वाचून घ्या, त्यांना कळला नाही तर बदलू.

पुढची फेरी मंगळवारी सात वाजता, त्याच माळावर. कुवेत दादा, तुम्ही पण या, छातीचं तुमचं तिथंच बघू. कोप्यांकडं लाईट नाही, येणाऱ्यांनी बॅटरी आणा.